चौकोनी भोक

स्टील प्लांटच्या स्टोअर्समधून तीस वर्षं चिठ्ठीशिवाय खिळाही न सोडलेल्या प्रेमलाताईंनी नव्या प्रिंटरच्या खोक्यावरचा बारकोड कंपनीनं सांगितल्याप्रमाणे फूटपट्टी लावून कापला आणि कॅशबॅकसाठी टपालानं पाठवला. कॅशबॅक आलाच नाही. पाचव्या महिन्यात प्रिंटर बंद पडला आणि सुनेचं रुआबांधा वस्तीतलं फॉर्म छापायचं दुकानही. त्या प्रिंटर खोक्यात घालून हुडको कॉलनीतल्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. काउंटरवरच्या माणसानं खोक्याच्या चौकोनी भोकात बोट घातलं. “बारकोड नाही, काकू. वारंटी नाही भेटत.” “तुमच्याच कंपनीनं कापून मागतला होता.” “कॅशबॅकवाले अलग हायेत.” मग त्यानं काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. “हा स्कॅन करून आमाले पाच स्टार देऊन द्या.” प्रेमलाताईंनी त्याचाच कटर उचलला, पट्टी न लावता तो कोड कापून काढला आणि भोकावर चिकटवला. “घे तुमचा बारकोड. आता दुरुस्तीची पावती फाड.”