बावीस सणांवर एक मोफत

“श्रद्धांजली तेवढी शिल्लक हाय,” ज्ञानेश म्हणाला आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

तो मानसिंगच्या घरी आला होता. ज्ञानेशचं पणदऱ्याच्या चौकात फ्लेक्सचं दुकान. मानसिंगला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं, म्हणून गेल्या पाडव्याला त्यानं ज्ञानेशचं सणांचं वार्षिक पॅकेज घेतलं होतं. बावीस सणांचे बावीस फ्लेक्स, आणि त्यावर एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मोफत. तीही वीस बाय दहा, रंगीत, कडेनं झेंडूची माळ छापलेली. रंगपंचमीपर्यंत एकवीस सण लागून झाले होते. बाविसावा, म्हणजे पाडवा, नऊ दिवसांवर आला होता.

“पुढल्या वर्सी ढकल की,” मानसिंग म्हणाला.

“ऑफर हाय दादा, ढकलता येत न्हाय. पाडव्याला सकाळी धा वाजता संपती. तवर घरातलं कुणीबी चालतंय.”

मानसिंगनं भिंतीकडं बघितलं. त्याची बायको स्वरूपा मोबाईलमध्ये बघायला लागली. ज्ञानेश रिकाम्या कपात बघत राहिला. खाटेवर मानसिंगचे वडील, सावळाराम आबा बसले होते. वय एक्याऐंशी. एवढी माणसं एकाच वेळी आपल्याकडं बघत नाहीत, हे त्यांना लगेच दिसलं.

वर्षभर कुठलाच सण या घरात आला नव्हता. तो चौकातच थांबायचा. पोळ्याला गोठ्यात बैल नव्हता, पण फ्लेक्सवर चार होते आणि मधे हात जोडून मानसिंग. नागपंचमीला नाग, दसऱ्याला आपट्याचं पान. मधे मानसिंग तोच, जोडलेले हात तेच. दिवाळीला दारात रांगोळीचं स्टिकर चिकटवलं. फराळ बारामतीहून खोक्यात आला आणि नैवेद्यही खोक्यासकटच दाखवला गेला.

आबांची त्याला हरकत नव्हती. हे पॅकेज घ्यायला त्यांनीच लावलं होतं. “एक फुकट हाय म्हणतोय तर घिऊन टाक,” हे शब्द त्यांचेच. घराला वळण लावलं ते त्यांनी. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, पण टूथपेस्टवर मिळालेले अकरा ब्रश त्यांच्या कपाटात होते. मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात एकच डोळा ऑपरेशनला निघाला, तेव्हा दुसऱ्या डोळ्यासाठी ते डॉक्टरशी भांडले होते. फुकटचं वाया घालवायचं नाही. एवढा एकच धर्म त्यांनी पोराला शिकवला होता, आणि पोरगं गुणाचं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी मानसिंग सकाळीच खाटेपाशी आला. वर्षभरात पहिल्यांदा.

“आबा, तब्येत कशी हाय?”

“झकास.”

“बरं,” मानसिंग म्हणाला आणि कॅलेंडर बघून गेला.

मग तो रोजच विचारायला लागला. स्वरूपानं एक दिवस आबांना फेटा बांधला आणि पांढऱ्या भिंतीपुढं उभं केलं. “आबा, जरा वर बघा. हां. लई हसू नका.” पुढच्या सकाळी मोरीत साबणाचा फेस पसरलेला होता. आबा भिंत धरधरून बाहेर आले, तर काठी जागेवर नव्हती. पाडवा तीन दिवसांवर आला तेव्हा मानसिंगनं नवा कोरा दोर आणला आणि आबांच्या उशाशी खुंटीला टांगला.

आबा ताटातला पहिला घास मांजराला घालायला लागले. मांजर चांगलंच बाळसं धरू लागलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, त्यांच्यानं राहवेना.

“मानसिंग, सरळ सांग. मला वर धाडायचा बेत हाय न्हवं तुमचा?”

मानसिंगच्या हातातला तांब्या खाली पडला. “आबा! काय बोलताय ह्ये?”

“फोटू कशाला काढला?”

“तुमाला एक्याऐंशी झाली. सहस्रचंद्रदर्शन करायचंय तुमचं.”

“आन् मोरीतला साबण?”

“शेवाळ झालं हुतं आबा,” स्वरूपा आतून म्हणाली. “तुमी घसराल म्हनून घासत हुते.”

काठी खालून रबर बसवायला बारामतीला गेली होती. दोर गुढीला आणला होता. मानसिंग खाली बसला. 

“त्या दिशी ज्ञानेश तसं बोलला आन् माझं मलाच वंगाळ वाटलं. वरीसभर चौकात हात जोडून उभा हाय, पण तुमाला एकदाबी इचारलं न्हाय, कसं हाय म्हनून. उद्या गुढी आपल्या दारात उभारायची. खरी.”

त्यानं आबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आबांचे डोळे भरून आले. आठ दिवस आपण पोटच्या पोरावर नको तो संशय घेतला, याची त्यांना लाज वाटली. ते त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

“मग त्या श्रद्धांजलीचं रं?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“जाऊ द्या वाया.”

आबांचा हात थांबला.

“वाया?”

“व्हय.”

“वीस बाय धा?”

“व्हय आबा. द्या सोडून.”

“रंगीत हाय न्हवं?”

मानसिंग हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वाजले होते. घड्याळ युरियाच्या पोत्यांवर फुकट मिळालेलं. पंधरा वर्षं झाली, एक मिनिट मागं पडलं नव्हतं. सकाळच्या दहाला अजून पंधरा तास होते. घरातलं कुणीबी चालत होतं. आबांचा हात पुन्हा हलला, केसांवरून सावकाश खाली सरकला आणि मानेपाशी येऊन टेकला.

“मानसिंग,” ते फार मायेनं म्हणाले, “तुझी तब्येत कशी हाय रं?”