हवा खाली बसेपर्यंत

लेकीचं मूत्रपिंड बदलल्यानंतरचा तो पहिलाच प्रवास होता. "सार्वजनिक स्वच्छतागृहात शक्यतो नेऊ नका, तिथली हवासुद्धा तिला सोसायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बसस्थानकावर पोर रडकुंडीला आली आणि आईचा नाइलाज झाला.

आतल्या बायका निघून जाईपर्यंत ती थांबली. मग तिने खिडकी उघडली, झाकण लावून फ्लश केलं, सीट पुसून घेतली. हवेत उडालेले तुषार खाली बसेपर्यंत मास्क लावलेल्या लेकीला घेऊन खिडकीशी उभी राहिली. तेवढ्यात एक बाई आत शिरली.

"बाहेर व्हा आधी! आत्ताच्या आत्ता!" आई किंचाळलीच.

लेकीच्या मास्ककडे एक नजर टाकून बाई मागे फिरली. जरा वेळाने बाहेर आरडाओरडा सुरू झाला. आता कोण घुसतंय, या धास्तीने आईने लेकीला जवळ ओढलं. पण कुणीच आत आलं नाही.

लेकीला घेऊन ती बाहेर आली, तर चिडलेल्या रांगेसमोर तीच बाई दोन्ही हात पसरून दार अडवून उभी होती.

"माफ करा हं ताई, मघाशी मी फार..."

"असू दे गं. माझी लेक होती तोवर मीही अशीच ओरडायचे."