आखणी

नदीकाठानं पर्यटकांसाठी पायवाट होणार होती. सरकारी साहेबांनी आखणीच्या खुंट्या ठोकाव्यात आणि सकाळी त्या गायब! असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी साहेब उजाडायच्या आधीच दबा धरून बसले, तर गावातली, पोस्टातून निवृत्त झालेली एक मावशी खुंट्या उपटताना सापडली.

“पायवाटेला विरोध आहे तुमचा?”

“छे! चला, दाखवते.”

साहेब पहिल्यांदाच गावात शिरले. सगळ्या खुंट्या तिथं होत्या. एकेका दारासमोर, कुलूप लागलेल्या दारांसमोरसुद्धा, घट्ट ठोकलेल्या.

“अहो मावशी, इथून वाट नेली तर केवढा वळसा पडेल!”

“तुम्ही काठावर ठोकत राहा, मी इथं आणत राहीन. जाणारे सगळे सरळ वाटेनं गेले, साहेब. येणाऱ्यांना पडू दे वळसा.”