माल तपासून घ्यावा

पार्सलचा कोपरा चेपलेला पाहून म्हातारा दारातच थबकला. कुरिअरवाल्यानं सहीसाठी पेन पुढं केलं, पण हा चेपलेला कोपराच चाचपत राहिला. शेवटी मुलीनं सही केली आणि खोकं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं.

खोक्यात खिशात मावेल एवढा कॅमेरा होता. त्याच्या आतल्याच मेमरीत, कार्डावर नव्हे, अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ होता. फोटो काढायला जाऊन म्हाताऱ्यानं भलतंच बटण दाबलं होतं आणि बायको करवादली होती, "अहो, झालं का? हसून हसून गाल दुखायला लागले माझे." तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. ती गेली आणि दुसऱ्याच महिन्यात कॅमेऱ्याची लेन्स अडकून बसली. चालू केला की लगेच बंद पडायचा. म्हणून तो कंपनीकडं दुरुस्तीला धाडला. ते तीन आठवडे म्हाताऱ्याला धड घास गेला नाही.

"बाबा, आधी चालू करून बघा ना."

"बॅटरी चार्ज होऊ दे. तोवर बाहेरून बघतो."

खरं तर त्याला धीरच होत नव्हता. पण चौतीस वर्षं कारखान्यात माल तपासण्यात गेलेली, हात आपोआप कामाला लागले. दिव्याखाली धरून त्यानं एकेक कड बोटानं चाचपली. लेन्सवर डाग नव्हता. बॅटरीचं झाकण घट्ट बसत होतं. कानाशी धरून हलवला, आत काही खुळखुळलं नाही. खोक्यानं मार खाल्ला होता, कॅमेरा सहीसलामत होता.

"अगं, पोचा सोड, साधा चरासुद्धा नाही!" त्याच्या डोळ्यांना धार लागली. "वाचली गं तुझी आई!"

मुलगी हसली नाही. तिनं कॅमेरा उलटा करून खालची कड पाहिली.

"बाबा, आईच्या हातून हा जिन्यात पडला होता. तो पोचा कुठं गेला?"

म्हातारा दोष शोधत होता. नसलेल्या दोषाकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

बॅटरी घातली. लेन्स झटकन बाहेर आली. पडद्यावर अक्षरं उमटली: भाषा निवडा. आजची तारीख भरा. मुलीनं ते सगळं भरलं आणि आत पाहिलं. आत काहीही नव्हतं.

कंपनीचा फोन लागेपर्यंत तिनं विचारलं, "व्हिडिओचं तुम्ही अर्जावर लिहिलं होतं ना?"

"घरातलं असलं काही परक्यांना लिहितात का?" म्हातारा पुटपुटला. "मालाचं काय ते लिहिलं."

कारागीर फोनवर आला. अगदी अदबीनं बोलला.

"काका, तुमचा जुना दुरुस्त झाला होता हो. आम्ही आतला व्हिडिओ लावूनसुद्धा बघितला, बाईंचा आवाज स्वच्छ येत होता. पण उघडताना खाली बारीकसा चरा गेला, आणि तुम्ही अर्जावर लाल शाईनं लिहिलेलं, 'एक चरा दिसला तरी माल स्वीकारणार नाही.' म्हणून तो मोडीत काढला आणि तुम्हाला हा नवाकोरा पाठवला."