डावी पाकळी

केरबा गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन पाकळ्या डकवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि हात जोडून विचारलं, "देवा, ही देवराई खाणीला द्यायची का?" उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. सगळं गाव पाकळ्यांकडे बघत उभं राहिलं.

प्रसेनजीत मागे फणसाला टेकून उभा होता. तो गारगोटीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, पण गाव हेच. त्याच्या आज्याला या राईत पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि घरानं देव सोडून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली होती. तरी राईवर त्याचा जीव होता. ही झाडं पाणी धरून ठेवतात, ओलावा सोडतात, खालचा झरा त्यांच्याच जिवावर वाहतो. राई गेली की उन्हाळ्यात गावाच्या घागरी कोरड्या, हे त्यानं ग्रामसभेत घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. लोक हसले. खाणीचा ठेकेदार विजयसिंह पोरांना नोकऱ्या देणार होता. शास्त्र कुणाच्या पोराला नोकरी देतंय? शेवटी ठरलं, देवालाच विचारू. प्रसेनजीतच्या अंगाचा तिळपापड झाला. गावाचं पाणी एका पाकळीवर टांगायचं, त्यापेक्षा नाणं उडवलेलं काय वाईट?

बाहेर ऊन रणरणत होतं. राईच्या आत मात्र इतकं दमट की चष्म्यावर सारखी वाफ धरायची. त्यानं चष्मा पुसून पुन्हा चढवला. उजवी पाकळी एका कडेनं सुटली होती. विजयसिंह मिशीतल्या मिशीत हसला. केरबा मात्र पाषाणाकडे बघतच नव्हता. मान खाली घालून तो बोटाला चिकटलेलं काहीतरी खरवडत होता.

उजवी आणखी लोंबली. प्रसेनजीतनं फणसाचा टेकू सोडला.

आणि डावी खाली आली.

"देवानं न्हाय म्हटलं," कुणीतरी पुटपुटलं. विजयसिंहानं केरबाला खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं आणि जीप काढून तो चालता झाला. माणसं पाया पडून पांगली.

मग केरबा प्रसेनजीतपाशी आला. म्हातारा पाषाणाकडे वळून वळून बघत होता. अडखळत त्यानं सगळं सांगून टाकलं. पोराला, कृष्णातला, खाणीच्या ट्रकवर घ्यायचं विजयसिंहानं कबूल केलं होतं. म्हणून त्यानं डाव्या बाजूचा दगड पुसून कोरडा केला आणि पाकळी फणसाच्या चिकानं डकवली. उजवी तेवढी नेहमीसारखी पाण्यानं लावली. चिकानं लावलेली पाकळी अशी सुटतेच कशी?

"सर, तुमी द्येव मानत न्हाईसा, म्हनून तुमालाच इचारतो," तो म्हणाला. "डावी कुनी पाडली?"

प्रसेनजीत पाषाणापाशी गेला. इतक्या जवळ तो जन्मात पहिल्यांदाच येत होता. त्यानं डाव्या बाजूला हात लावला. केरबानं कोरडा केलेला दगड पुन्हा घामेजला होता. खाली पडलेली पाकळी त्यानं उलटी करून पाहिली. चीक सगळा तिलाच होता; ओल्या दगडावर त्यानं पकड घेतलीच नव्हती. कारण हातात होतं, बोटं ओली करत होतं.

ते सांगावं, तर केरबाची भीती जाणार, कौल पुन्हा लागणार आणि विजयसिंह चिकापेक्षा घट्ट काहीतरी आणून देणार. न सांगावं, तर इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून शिकवलं काय? खोटं बोलायला त्याची जीभ वळत नव्हती. केरबा डोळ्यांत प्राण आणून बघत होता.

प्रसेनजीतनं वर झाडांकडे पाहिलं. चष्म्यावर पुन्हा वाफ धरली. तो ती पुसायला गेला आणि थांबला. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"राईनं," तो म्हणाला.