पणजीबाईंचा मोदक

"आई, माझ्याकडं बघू नकोस. मोबाइलकडं बघ," जयराज म्हणाला.

उमाबाईंनी मान वळवली. मोबाइल पल्लवीच्या हातात होता. सांगलीत कुठं काय चांगलं खायला मिळतं, ते ही मुलगी लोकांना दाखवायची आणि हजारो लोक बघायचे. चतुर्थी पाच दिवसांवर आली होती. ठेवणीतली साडी नेसवून जयराजनं आईला घरच्या मिठाईच्या दुकानाच्या मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर चॉकलेटच्या मोदकांचं ताट. मागं भिंतीवर कालच टांगलेला आजेसासूबाईंचा फोटो आणि त्याखाली नवी पाटी : 'पणजीबाईंचा चॉकलेट मोदक. चार पिढ्यांची चव.'

बोलायचं ते त्यानं आदल्या दिवशी पाठ करून घेतलं होतं. आजेसासूबाईंनी कुणा साहेबाच्या बायकोकडून चॉकलेट शिकून घेतलं, त्यात बेदाण्याचं सारण भरलं. त्यांनी ते सासूबाईंना शिकवलं आणि सासूबाईंनी उमाबाईंना.

"एवढं तुझ्या तोंडून आलं की पुरे. पुढचं वकील बघतील," तो म्हणाला होता.

उमाबाईंना आजेसासूबाई चांगल्या आठवत होत्या. शेवटची दोन वर्षं त्यांची वेणीफणी उमाबाईंनीच केली होती. ती बाई विलायती म्हणून चहासुद्धा घेत नसे.

मोदक क्रांतीनं केला होता. उमाबाईंच्या सुनेनं, जयराजच्या बायकोनं. ती पाटणकडची, फौजी बापाची पोर. लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीत तिनं हा उद्योग मांडला. भाद्रपदातली दमट हवा, चॉकलेट साच्याला चिकटे, नाहीतर त्यावर पांढरे डाग पडत. तीन घाणे तिनं फेकून दिले. ओलं खोबरं दोन दिवसांत आंबलं, म्हणून सुकं भाजून घेतलं. तासगावचे बेदाणे वाटले, खसखस घातली. चौथ्या खेपेला मोदक साच्यातून सुटला. वर कळ्या रेखीव, दाताखाली कवच कट्‌कन मोडायचं आणि आत मऊ, आंबटगोड सारण. तो वाटीत घेऊन ती सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, खाऊन तर बघा. न्हाई आवडला तर टाकून द्या."

उमाबाईंनी वाटीला हातही लावला नाही. गणपतीला असलं काही चालायचं नाही, असं सांगून त्यांनी तिला देवघराच्या दारातूनच परत पाठवलं. वाटी गल्लीतल्या पोरांनी फस्त केली. पुढच्या वर्षी दुकानासमोर रांग लागली. त्यानंतर प्रत्येक वर्षी लागली.

सहाव्या वर्षी क्रांतीनं एवढंच मागितलं, की मोदकाच्या पेटीवर माझं नाव घाला. जयराज हसला. उमाबाई तिथंच बसून गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुढची दोन वर्षं क्रांती त्या घरात राहिली, पण काही मागितलं म्हणून नाही. मग एका सकाळी ती घर सोडून गेली. आता कराडात तिचं स्वतःचं छोटं दुकान होतं आणि गेल्या महिन्यात जयराजनं तिला नोटीस पाठवली होती : मोदक आमच्या घराण्याचा आहे, तो करणं बंद करा.

"सुरू करू या, आजी?" पल्लवीनं विचारलं.

"यातलं नंतर काही कापता येतं का गं?"

"नाही आजी. लाइव्ह आहे. बोललं की गेलं."

"बरं," उमाबाई म्हणाल्या.

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जयराज आणायचा. झोपायची खोली त्याच्या घरात होती. दुपारचं ताट याच मुलासमोर बसून जेवायचं होतं. हे सगळं त्यांनी रात्रभर तोलून पाहिलं होतं. गवारीच्या शेंगा मात्र पुनःपुन्हा डोळ्यांपुढं येत होत्या.

"आजी, या मोदकाचा इतिहास सांगा ना."

"इतिहास लांबचा नाही," उमाबाई म्हणाल्या. "बारा-तेरा वर्षांचा आहे. फोटोतल्या बाईंनी चॉकलेट कधी पाहिलंही नाही. माझ्या सासूबाईंनीही नाही. हा मोदक माझ्या सुनेनं काढला. क्रांती तिचं नाव."

पल्लवीनं मोबाइल खाली घेतला नाही. जयराज घाईनं पुढं आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून हसला.

"वय झालंय आईचं. विसरते ती हल्ली."

"वय झालंय, म्हणून आजच सांगते," उमाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि बाजूला ठेवला. "तीन घाणे फुकट गेले तिचे. चौथा जमला. पहिला मोदक तिनं मला आणून दिला आणि मी तो देवापुढं ठेवू दिला नाही. तिनं पेटीवर नाव मागितलं, तेव्हा मी गप्प बसले. यातलं मी काय विसरले, ते जयराजनं सांगावं."

गल्ल्यावरचा माणूस कागदी पेट्या रचायचा थांबला होता. पल्लवीनं मोबाइलवर नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "आजी, खूप लोक बघतायत. त्यांना काही सांगायचंय?"

उमाबाईंनी मांडीवरचं ताट उचलून टेबलावर ठेवलं आणि पदर सावरला. आता त्या थेट मोबाइलकडं बघत होत्या.

"हो. कराडला नदीच्या घाटाकडं उतरताना डाव्या हाताला क्रांतीचं दुकान आहे. पाटी लहान आहे, विचारत जावं लागेल. चतुर्थीचे मोदक तिच्याकडूनच घ्या."