उघडा कोपरा

"आबा, द्या इकडे. मशीनवर टीप मारते." आईच्या हातची शेवटची गोधडी लेकीला बाळासाठी न्यायची होती, फक्त एक कोपरा उघडा राहिला होता.

"थांब. तुझी आई काम अर्धवट सोडणारी नव्हती." आबांनी मेहुणीला फोन लावला.

"दाजी, इतक्या वर्षांत कळलं नाही? उपाशी गोधडीचं तोंड शिवत नाहीत आमच्यात. आमच्या आजीपासून प्रत्येक गोधडीत घरधन्याच्या ताटातला भाकरीचा तुकडा आहे."

आबांना आठवलं. गोधडी होत आली, की बायको त्यांच्या ताटातला तुकडा उचलायची. "तुझ्या ताटात भाकरी नाही का?" ते चिडवायचे. ती नुसती हसायची.

ती गेल्यापासून आबा भातावरच भागवत होते. फोन ठेवून त्यांनी परात पुढे ओढली आणि लेकीकडे वळले.

"भाकरी कशी थापतात गं?"